आमच्या गावची स्टेशने

चिखलीला रेल्वेचे स्टेशन नाही. उत्तरेला मलकापूर, शेगाव, खामगाव आणि दक्षिणेला जालना. यांपैकी कुठे तरी मोटारीने जाऊन पोहोचावे, तेव्हा आमच्या माणसाला आगगाडी दिसते. खामगावला १८७० साली कापसासाठी रेल्वेचा फाटा आला. तेथून चिखलीवरून जालन्यापर्यंत रूळ टाकावेत ही मागणी आमच्या पणजोबांच्या काळापासूनची आहे, आणि निवडणूक जवळ आली की तिला दर वेळी नवी पालवी फुटते. असो. सांगायचे ते एवढेच, की 'स्टेशन' हा शब्द मी लहानपणी प्रथम ऐकला तो आगगाडीच्या संदर्भात नव्हे. 'स्टेशन लागलं का रे?' असे आबा ओसरीवरून विचारीत आणि आतून कोणी तरी 'लागतंय, लागतंय!' असे ओरडे. हे लागणारे स्टेशन म्हणजे नागपूर, मुंबई, इंदूर, नाही तर थेट समुद्रापलीकडचे सिलोन. रूळ नसलेल्या आमच्या गावात अशी पाच-सहा स्टेशने रोज संध्याकाळी येऊन लागत असत.

आता ती लागत नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलांना रेडिओ म्हणजे काय हे ठाऊक आहे. मोटारीत असतो, मोबाइलमध्ये असतो. पण स्टेशन 'लावणे' म्हणजे काय, हे त्यांना सांगताना मला फळा आणि खडू घ्यावा लागला. ते सांगता सांगता माझ्या ध्यानात आले, की आपल्या घरांतून गेल्या साठ-सत्तर वर्षांत आलेल्या आणि निघून गेलेल्या या पाहुण्याचा इतिहास कोणी तरी आपल्या गावापुरता लिहून ठेवायला हवा. मोठे इतिहासकार मोठे इतिहास लिहितात. आमच्या ओट्याचा इतिहास आम्हीच लिहिला पाहिजे.

हिंदुस्थानात नभोवाणीची रीतसर सुरुवात झाली ती मुंबईत. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र उघडले. त्या केंद्राची ताकद अवघी दीड किलोवॅट! मुंबईच्या आसपास तीसेक मैलांत ते नीट ऐकू येई. रेडिओ ठेवायचा तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना घ्यावा लागे, आणि त्या परवान्यांच्या पैशांवर कंपनीने जगावे अशी अपेक्षा होती. ती जगली नाही. तीन वर्षांच्या आत तिचे दिवाळे वाजले आणि १९३० साली सरकारला ते काम हाती घ्यावे लागले. १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. 'आकाशवाणी' हे नाव त्याच सुमारास म्हैसूरच्या एका प्राध्यापकांनी आपल्या घरगुती केंद्राला दिले होते. सरकारने ते पुढे १९५६-५७ च्या सुमारास आपलेसे केले. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या वाट्याला सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. म्हणजे मराठी माणसाचे असे एकच.

आमच्या वऱ्हाडला जवळचे म्हणावे असे नागपूर केंद्र सुरू झाले ते १९४८ च्या जुलैत. गांधीजींच्या हत्येनंतर अवघ्या साडेपाच महिन्यांनी. त्या जानेवारीतल्या भयंकर रात्री बातमी आमच्याकडे आली ती दूरच्या केंद्रांवरून, ज्या दोन-चार घरांत रेडिओ असेल त्या घरांतून, आणि मग तोंडोतोंडी.

येथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. आमचा बुलढाणा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्या दिवसापासून तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. माझ्या आजीने एकाच घरात, एकाच चुलीपुढे बसून चार वर्षांत तीन राज्ये पाहिली. म्हणून पुण्या-मुंबईचे लोक आपल्या रेडिओच्या आठवणी सांगू लागले की मला मधूनच थांबवावेसे वाटते. त्यांच्या आठवणी खऱ्याच आहेत, पण त्या साऱ्या महाराष्ट्राच्या नाहीत.

गीतरामायणाचेच घ्या. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले आणि तेथील अधिकारी सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी दर आठवड्याला एक गीत लिहायचे कबूल केले. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत प्रसारित झाले. त्या वर्षी अधिक महिना असल्यामुळे बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली. संगीत सुधीर फडक्यांचे, आणि गाणारे एकटे फडके नव्हेत, तर माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे अशी सारी मोठी मंडळी. गीत सकाळी लागे तेव्हा पुण्यातले रस्ते ओस पडत, रेडिओला हार घालून उदबत्ती लावणारी घरे होती, असे त्या काळची माणसे सांगतात. माझा त्यावर विश्वास आहे. पण चिखलीत ती गीते पहिल्या वेळी, पहिल्या आठवड्यात ऐकलेला माणूस मला भेटलेला नाही. पुण्याचा आवाज आमच्यापर्यंत पोहोचत नसे आणि आम्ही तर परराज्यातले! आमच्याकडे गीतरामायण आले ते मागाहून, तबकड्यांवरून आणि पुनःप्रसारणांतून. पुस्तकरूपाने ते निघाले ३ ऑक्टोबर १९५७ ला, आणि योगायोग असा की त्याच दिवशी विविधभारतीचा जन्म झाला.

विविधभारती का जन्मली, ही कथा मोठी रंजक आहे. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. मराठी माणूस, स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार. चित्रपटातली गाणी हलकी, ती सरकारी नभोवाणीवर नकोत, अशी त्यांची धारणा. ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. हेतू चांगलाच होता, पण कान काही हेतूवर चालत नाहीत. पलीकडे सिलोनमध्ये दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेले भक्कम प्रक्षेपण-यंत्र होते. त्यावरून 'रेडिओ सिलोन' हिंदी गाणी वाजवू लागले आणि उभा हिंदुस्थान काटा फिरवून तिकडे गेला. ३ डिसेंबर १९५२ ला 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. दंतमंजनाची जाहिरात, अमीन सयानींचा आवाज आणि बुधवारची रात्र. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तेथून समुद्र ओलांडून गाणी परत आमच्याकडे यायची. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली म्हणतात. पुढे आठवड्याला साठ-पासष्ट हजार येऊ लागली. शेवटी सरकारने शहाणपणाने विविधभारती काढून ती गाणी घरी आणली. मंत्र्यांचा पराभव एका मंजनाने केला, असे आबा म्हणत.

आता आमच्या घराकडे येतो.

आबांनी पहिला रेडिओ घेतला १९५८ साली. हे मी नक्की सांगू शकतो, कारण त्याच्या परवान्याचे पुस्तक आजीच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे. परवाना पोस्टात मिळे आणि दरवर्षी तेथेच पैसे भरून नवा करून घ्यावा लागे. ही पद्धत १९८० नंतरच्या काही वर्षांत बंद झाली, तोवर रेडिओ हा बैलगाडीसारखा किंवा बंदुकीसारखा सरकारदरबारी नोंदलेला प्राणी होता. तो रेडिओ तीन तोळे सोन्याच्या भावाचा होता, आणि आजीला हा हिशेब जन्मभर विसरता आला नाही. आमच्या गल्लीत तेव्हा वीज यायची होती, म्हणून संच बॅटरीवरचा. बॅटरी विटेएवढी, महाग, आणि संपली की खामगावाहून आणायची. त्यामुळे ऐकणे मोजून मापून. बातम्या, बाजारभाव आणि बुधवारची सिलोनची गाणी. एवढे झाले की आबा बटण बंद करीत आणि वर आजीने विणलेले फुलाफुलांचे झाकण घालीत. गाणे अर्धे राहिले तर अर्धे राहिले!

पुढे वीज आली, तेव्हा विजेवरचा मोठा संच घेतला. त्याला डाव्या बाजूला हिरवा डोळा होता. बटण दाबले की काही होत नसे. आतले काचेचे दिवे हळूहळू तापत, तोवर घरातले सारे जण त्या काळ्या पेटीकडे बघत उभे. मग दुरून, विहिरीतून यावा तसा आवाज वर येई. काटा नीट जागी बसला की हिरवा डोळा मिटल्यासारखा बारीक होई. घरात आढ्यापासून तुळईपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी टांगलेली, ती एरियल. आणि दुसरी एक तार खिडकीतून बाहेर जाऊन तुळशीजवळ मातीत गाडलेली. उन्हाळ्यात माती सुकली की खरखर वाढे, म्हणून आत्याला रोज तांब्याभर पाणी त्या तारेच्या मुळाशी घालावे लागे. 'रेडिओला पाणी घातलं का गं?' हा प्रश्न ऐकून एक नवे पाहुणे फार वेळ विचारात पडले होते, अशी घरात कथा आहे.

हे पाणी घालणे काही वेडेपणाचे नव्हते. ओल्या मातीतून विजेला वाट बरी मिळते. तसेच 'रात्री लांबची स्टेशने लागतात' हेही अनुभवाचे बोल होते. दिवसा सूर्याच्या किरणांनी आकाशाच्या वरच्या भागात एक थर असा तयार होतो, की मध्यम लहरी त्यात जिरून जातात. दिवस मावळला की तो थर विरतो, आणि त्याहूनही उंचावर जो थर आहे तो या लहरींना आरशासारखा परत पृथ्वीकडे धाडतो. म्हणून दिवसा जेमतेम ऐकू येणारे नागपूर रात्री स्पष्ट होई, मुंबई येई, १९५५ साली निघालेले इंदूर येई. वरचा थर स्थिर नसतो. म्हणून आवाज लाटेसारखा चढे आणि उतरे. नेमके बातमीतले नाव सांगायच्या वेळी आवाज दूर जाई आणि पुढचे वाक्य कानात ओरडल्यासारखे येई. ऐकणाऱ्याला मधली जागा स्वतः भरावी लागे. मला वाटते, कादंबरी लिहिण्याचे पहिले शिक्षण मला तेथे मिळाले.

रेडिओच्या काचेवर गावांची नावे छापलेली असत. दिल्ली, मुंबई, कलकत्ता यांच्या शेजारीच लाहोर, ढाका, रंगून, सिलोन. देशाचे तुकडे झाले तरी त्या काचेवर सारे एका ओळीत बसलेले. मी भूगोल शिकलो तो आधी या काचेवर आणि मग शाळेत.

संध्याकाळी बातम्यांच्या वेळी आमच्या ओसरीवर माणसे जमत. यातली गोडी पुष्कळांनी लिहिली आहे. पण ती बैठक कशी बसे, हेही लिहिले पाहिजे. घरातले आणि भाऊबंद आत सतरंजीवर. गल्लीतले ओसरीच्या कडेला. पाटील-देशमुखांपैकी कोणी आले तर त्यांना लोड. आणि ज्यांना त्या काळी ओट्यावर चढू देत नसत ते रस्त्यावर, कडुनिंबाखाली उभे. आवाज सर्वांना सारखाच ऐकू जाई, बसायची जागा मात्र ज्याची त्याला ठरलेली. आत्या सांगते, की कडुनिंबाखालचा एक माणूस सर्वांत लक्ष देऊन ऐके. दुसऱ्या दिवशी बाजारात सरकीचा आणि कापसाचा भाव त्याला तोंडपाठ असे आणि व्यापाऱ्याशी घासाघीस करायला आतल्या सतरंजीवरचे लोक त्यालाच पुढे घालीत. जुन्या बैठकीसाठी उसासे टाकणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

सरकारलाही रेडिओचा असा उपयोग सुचला होता. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे खेडी निवडली, प्रत्येक गावात वीसेक शेतकऱ्यांचे मंडळ केले, आठवड्यातून दोनदा त्यांच्यासाठी अर्ध्या तासाचा कार्यक्रम लावला, आणि कार्यक्रम संपल्यावर त्यांनी आपसांत चर्चा करून प्रश्न केंद्राला कळवायचे. उत्तरे पुढच्या कार्यक्रमात. वीस कार्यक्रमांनंतर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने तपासणी केली, तेव्हा ज्या गावांत मंडळे होती तेथील माणसांचे ज्ञान स्पष्टपणे वाढलेले दिसले. पुढे देशभर अशी मंडळे निघाली. म्हणजे ऐकून गप्प बसायचे नाही, उलट विचारायचे, ही सोय तेव्हाही होती. फक्त उत्तर यायला चार दिवस लागत. याच पुणे केंद्रावर त्या सुमारास ग्रामीण कार्यक्रमांसाठी व्यंकटेश माडगूळकर होते आणि पु. ल. देशपांडेही तेथे नोकरीला लागले होते. शेतकऱ्याला खताची माहिती सांगायला असे लेखक बसवणारे खाते पुन्हा व्हायचे नाही.

रेडिओने आमच्या घरातून एक गोष्ट घालवली, तीही सांगून टाकतो. चातुर्मासात रात्री आबांचे वडील श्रीधराचा हरिविजय किंवा पांडवप्रताप वाचीत. गल्लीतल्या बायका वाती वळीत ऐकायला येत. रेडिओ आला त्या वर्षी पोथीची वेळ आणि बातम्यांची वेळ एकच आली. पोथी अर्धा तास पुढे ढकलली, मग एक तास, मग एकादशीपुरती राहिली. पणजोबांनी त्या पेटीला 'लाकडी अवदसा' असे नाव ठेवले होते. आज आपण मोबाइलला जी नावे ठेवतो तीच, त्याच सुरात. म्हातारपणी मात्र त्यांना दिसेनासे झाले आणि पोथी वाचवेना, तेव्हा पहाटेच्या भक्तिगीतांसाठी तेच सर्वांच्या आधी उठून बसत.

आत्याची एक हौस होती. आपले नाव रेडिओवर लागावे! त्या काळी ती देशाची हौस होती. बिहारात, आताच्या झारखंडात, झुमरीतलैया नावाचे अभ्रकाच्या खाणींचे गाव आहे. तेथल्या लोकांनी फर्माईशीची एवढी पत्रे पाठवली की ते गाव त्यामुळेच देशाला ठाऊक झाले. आत्याने 'आपली आवड'साठी पोस्टकार्डे पाठवायला सुरुवात केली. स्वतःचे नाव, दोन मैत्रिणींची, आणि घरातल्यांनी रागावू नये म्हणून आबांचेही. सात-आठ महिने काही झाले नाही. एके दिवशी ती आडावर पाण्याला गेलेली असताना नाव लागले. गल्लीतल्या चार घरांत रेडिओ चालू होते. चारही घरांतून पोरी धावत आडावर आल्या. आत्याच्या हातून दोर सुटला आणि बादली आत गेली. तिने स्वतः आपले नाव ऐकलेच नाही. पण पन्नास वर्षांनंतरही ती ते असे सांगते, जणू कानांनी ऐकले आहे. निवेदिकेने 'चिखली' म्हणताना कसा अलगद 'ख' उच्चारला तेसुद्धा.

नावाचीच दुसरी एक आठवण आहे. १९७१ च्या डिसेंबरात युद्ध झाले. शेजारच्या एका म्हातारीचा मुलगा फौजेत होता. लिहिता-वाचता तिला येत नव्हते. ३ तारखेपासून ती प्रत्येक बातमीपत्राला येऊन उंबऱ्याशी बसे. निवेदक शहरांची आणि सेनापतींची नावे घेई. बातम्या संपल्या की ती आत्याला विचारी, 'माह्या पोराचं नाव घेतलं का वं?' आत्या म्हणे, 'नाही काकू. नाव घेत नाहीत, म्हणजे सगळं ठीक आहे.' हे उत्तर आत्याने आपल्या मनाने बनवले होते. १६ तारखेला ढाक्याची शरणागती झाली, साऱ्या गल्लीत साखर वाटली, म्हातारीने साखर हातात घेतली आणि तोच प्रश्न विचारला. पत्र आले जानेवारीत. मुलगा धडधाकट होता. शिमग्याला तो रजेवर आला, तेव्हा आईसाठी कातडी पाकिटातला छोटा ट्रान्झिस्टर घेऊन आला. म्हातारीने तो देवळीत ठेवला, दिवाळीला पुसून हळदकुंकू वाहिले. पण लावला फारसा नाही.

हा ट्रान्झिस्टर म्हणजे या इतिहासातले खरे वळण. १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत तो शोध लागला, १९५४ साली खिशात मावणारा पहिला रेडिओ बाजारात आला, आणि आमच्याकडे १९६० नंतर तो सायकलीच्या दांड्याला लटकू लागला. तापणारे दिवे नाहीत, एरियल नाही, मातीत तार नाही. शेतात पाणी वळणारा, बकऱ्या राखणारा, कपाशी वेचणाऱ्या बाया, सगळ्यांच्या बरोबर तो गेला. कडुनिंबाखाली उभ्या राहणाऱ्याला आता आमच्या ओट्याची गरज उरली नाही. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने आधी वेस्ट इंडीजमध्ये आणि मग ऑगस्टात ओव्हलवर इंग्लंडला हरवले, तेव्हा ते वर्णन ऐकणारे अर्धे लोक आपापल्या धुऱ्यावर होते. लोक म्हणतात, टीव्हीने बैठक मोडली, मोबाइलने मोडली. माझे मत वेगळे आहे. बैठक मोडायला ट्रान्झिस्टरने सुरुवात केली, आणि मोडली ते काही अंशी बरेच झाले.

माझ्या स्वतःच्या लहानपणी, १९८५ नंतर, जी गोडी होती ती बैठकीची नव्हतीच. ती वेगळी होती. तोवर परभणी केंद्र १९६८ साली आणि जळगाव १९७६ साली निघाले होते. घरोघरी रेडिओ, आणि सगळ्यांचे स्टेशन एकच. सकाळी मी दुधाचे भांडे घेऊन गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, तेव्हा एका घरात सुरू झालेले गाणे दुसऱ्या घरापाशी पुढे सरके, तिसऱ्या घरापाशी त्याचा अंतरा येई, आणि डेअरीपाशी शेवटचे कडवे. एक ओळ चुकत नसे. घड्याळ कोणी बघत नव्हते. प्रादेशिक बातम्या लागल्या की आई पोळ्यांचा तवा उतरवी, बातम्या संपल्या की मी दप्तर उचली. उशीर झाला तर शेजारीण कुंपणावरून ओरडे, 'अरे, हवामान झालं, अजून अंघोळ नाही तुझी?'

आज प्रत्येकाच्या कानात त्याचे त्याचे गाणे आहे. हवे ते, हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा. आबांना अर्ध्यावर सोडावे लागलेले गाणे मी दहा सेकंदांत काढून पूर्ण ऐकू शकतो, आणि ऐकलेही आहे. त्यात वाईट काही नाही. फक्त माझे गाणे माझ्या शेजाऱ्याला ठाऊक नसते, आणि मला अंघोळीला उशीर झाला हेही त्याला कळत नाही.

टीव्हीबद्दल फार लिहीत नाही. मुंबईला तो १९७२ च्या २ ऑक्टोबरला सुरू झाला आणि आमच्या गल्लीत जेमतेम १९८७ च्या 'रामायण' मालिकेपर्यंत पोहोचला. रविवारी सकाळी पुन्हा तशीच गर्दी, पुन्हा तीच उदबत्ती. आजीने दोन रविवार पाहिले आणि निकाल दिला: 'याच्यापुढं बसून भाजी निवडता येत नाही.' सबंध टीव्हीवर याहून नेमकी टीका मी अजून वाचलेली नाही. रेडिओने फक्त कान मागितले होते. हात आणि डोळे बाईचे बाईजवळ राहत. दुपारी तासभर गाणी ऐकत तिने कुरडया घातल्या तर तो तास तिचा स्वतःचाही असे आणि घराचाही. टीव्हीने तिला बसायला लावले आणि घरातल्यांनी 'बसून असते' म्हणून बोलायला सुरुवात केली.

मोठी केंद्रेही एकेक करून शांत होत गेली. १९८८ साली नागपूरजवळ एक हजार किलोवॅटचे प्रचंड प्रक्षेपण-यंत्र बसवून आकाशवाणीची रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली होती. दीड किलोवॅटच्या मुंबईपासून कुठवर आलो, पाहा! २०१८ च्या अखेरीस ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. बीबीसीची हिंदी लघुलहरी सेवा १९४० पासून चालू होती, ती ३१ जानेवारी २०२० ला थांबली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ ला गेले. त्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिघे-चौघे गप्प बसलो होतो, आणि नवे मास्तर विचारत होते की ते कोण.

हिरव्या डोळ्याचा संच मी एकदा दुरुस्तीला नेला होता. गावातल्या त्या जुन्या कारागिराचे दुकान आता त्याचा मुलगा चालवतो. मोबाइलच्या काचा बदलतो. म्हातारा मागे खाटेवर होता. त्याने मागचा पुठ्ठा काढायला लावला, आतल्या दिव्यांना बोट लावून पाहिले आणि मुलाला म्हणाला, 'पहिले याची धूळ काढ, मग बोलू.' दिवे मिळाले नाहीत. धूळ मात्र इतकी सुरेख काढून दिली की काचेवरचे 'रंगून' पुन्हा वाचता येते.

यंदा श्रावणात आत्या माहेरी आली होती. पंचाहत्तरी उलटली आहे, डोळ्यांना कमी दिसते. मी मोबाइलवर आकाशवाणीचे अॅप काढून नागपूर लावून तिच्यापुढे ठेवले. ती मेथी निवडीत होती. थोडा वेळ ऐकून म्हणाली, 'टेप लावलीस होय?' मी म्हटले, नाही आत्या, आत्ता चालू आहे, नागपूरहून. 'मग खरखर कुठं आहे?' तिची खात्री पटेना. शेवटी निवेदिकेने आठ वाजून पाच मिनिटे झाल्याचे सांगितले, तेव्हा तिने भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले ते मला विचारले. आठ-पाचच झाले होते.

'मग चालूच आहे,' आत्या म्हणाली, 'सूनबाईला कुकर लावायला सांग.'